तंजावर–कुंभकोणम, निवांत: सोलापूरकरांसाठी दहा दिवसांचा बेत

पहिल्या खेपेला आम्ही तंजावरला गेलो ते मे महिन्यात, आणि तेही चार दिवसांत पाच गावं उरकायची असं ठरवून. बृहदीश्वराच्या आवारात शिरलो तेव्हा दुपारचा पाऊण वाजला होता. गाभारा बंद, चारला उघडणार. चपला बाहेर काढलेल्या आणि पायाखाली तापलेला दगड. आई तेव्हा अडुसष्टची. कधी टाचांवर, कधी चवड्यांवर उभी राहत तिनं दहा मिनिटं काढली. सोलापूरच्या उन्हात जन्म गेलेली बाई, पण संध्याकाळी बघतो तर तळपायाला फोड. "एवढ्या लांब आणून बंद दार दाखवलास की रे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या खेपेला मी बेत उलटा आखला. आधी काय बघायचं ते ठरवून मग वेळ जुळवत बसलो नाही. देवळं दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असतात आणि खाणावळींचं घड्याळ आपल्यापेक्षा वेगळं चालतं. या दोन गोष्टी आधी कागदावर मांडल्या आणि उरलेल्या वेळात बसेल तेवढंच बघायचं ठरवलं. दहा दिवस गेलो आणि घरी आल्यावर कुणालाही सलाइन लागलं नाही. पुढचं सगळं त्या दुसऱ्या खेपेच्या जोरावर.

तंजावरच का

हंपी-बदामी आपल्याला जवळ, गोवा तर घरच्यासारखा. पण कावेरीच्या काठी, नारळी-केळींच्या मुलखात, जिथं आपण परके असूनही परके नाही असं गाव तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तिथं भोसल्यांची गादी स्थापली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. म्हणजे पुण्याची पेशवाई बुडाल्यावरही तंजावरात मराठी राजा होता. खरा कारभार १७९९ च्या तहानं इंग्रजांकडे गेलेला, राजाकडे किल्ला आणि आसपासचा थोडा भाग उरलेला, पण त्या उरलेल्या सवडीत दुसऱ्या सरफोजींनी जे केलं ते बघायलाच एक दिवस लागतो.

सोलापूरकरांची आणखी एक सोय आहे. आपण मराठी, कन्नड, तेलुगू या तिन्ही भाषा कानावर घेत वाढतो. आमच्याबरोबर पूर्व भागातलं एक शेजारी जोडपं होतं, घरी तेलुगू बोलणारं. तमिळ त्यांनाही येत नाही, पण दुकानदारानं सांगितलेला आकडा त्यांना कळायचा आणि आम्ही नुसते तोंडाकडे बघायचो.

आधी महिना ठरवा, मग बाकीचं

इथंच बहुतेकांची चूक होते. मराठी माणूस दक्षिणेत निघतो दिवाळीच्या सुट्टीत. तंजावरच्या भागात मुख्य पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. आपल्याकडे रान वाळायला लागलेलं असतं तेव्हा तिकडं छत्री उघडलेली असते. नोव्हेंबरचं तिकीट काढू नका.

मे महिना तर नकोच. आपल्याला बेचाळीस अंशांचं कौतुक नाही हे खरं, पण आपलं ऊन कोरडं. सावलीत गेलं की बरं वाटतं. तिकडं सावलीतही अंगाला सदरा चिकटतो.

जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हे दिवस सर्वांत चांगले. सकाळ-संध्याकाळ हवा सुखाची, शेतात भाताची कापणी चाललेली. पोंगल नेमकं आपल्या संक्रांतीला येतं आणि मट्टू पोंगलला, म्हणजे गुरांच्या सणाला, बृहदीश्वरासमोरच्या भल्यामोठ्या नंदीला भाज्या-फळांनी मढवतात. बघण्यासारखं असतं म्हणे. 'म्हणे' अशासाठी की संक्रांतीला सोलापूर सोडायचं कसं? सिद्धेश्वराची यात्रा, अक्षता सोहळा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचा गड्डा. आमच्या आईला त्या दिवसांत गाव सोड म्हणायची माझी हिंमत नाही. तेव्हा इकडचे नंदीध्वज आटोपू द्या आणि मग निघा.

एक तिथी मात्र कॅलेंडरात बघून ठेवा, पौष वद्य पंचमी. त्या दिवशी तंजावरजवळच्या तिरुवैयारूला संतसंगीतकार त्यागराजांची आराधना, म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव असतो, देशभरचे गवई येतात. कर्नाटक संगीताचं वेड असेल तर मुद्दाम तेव्हाच जा. नसेल तर ते चार-पाच दिवस टाळा, कारण तंजावरच्या लॉजमध्ये खोली मिळायची मारामार होते.

गाडीचं जुळवणं

सोलापूर मुंबई–चेन्नई मार्गावर आहे, याचा आपण पुरेसा फायदा घेत नाही. वाडी, रायचूर, गुंतकल, कडपा, रेणीगुंटा करत गाडी चेन्नईला जाते. पंधरा तासांच्या आसपासचा प्रवास, एक झोप आणि दोन जेवणं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे घरात ज्येष्ठ असतील तर साठाव्या दिवशी सकाळीच बसा. खालचा बर्थ मिळाला तर निम्मी सहल तिथंच यशस्वी.

पुढचा टप्पा चेन्नई एग्मोरहून. विलुपुरम, मयिलाडुतुरै, कुंभकोणम, तंजावर असा हा जुना मार्ग. रात्री जाणारी उळवन एक्सप्रेस (उळवन म्हणजे शेतकरी) आणि दिवसा जाणारी चोळन एक्सप्रेस या दोन नावांपासून शोध सुरू करा. दिवसाच्या गाडीत खिडकीतून कावेरीच्या खोऱ्यातली शेतं दिसतात. रात्रीच्या गाडीत लॉजचं एक रात्रीचं भाडं वाचतं. आम्ही जाताना रात्रीची घेतली.

तिकीट काढताना आपली गाडी चेन्नईत नेमकी कोणत्या स्टेशनवर थांबते ते वाचा. सेंट्रल आणि एग्मोर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. अंतर दोन-अडीच किलोमीटरच, मेट्रोनं लागूनचं स्टेशन, पण चार बॅगा आणि एक म्हातारं माणूस घेऊन ते अंतर अंगावर येतं. दोन गाड्यांच्या मध्ये निदान पाच-सहा तास मोकळे ठेवा. गाडी लेट झाली तर जीव टांगणीला लागत नाही. वेळेवर आली तर रिटायरिंग रूममध्ये अंघोळ, एग्मोरसमोर इडली, आणि पाठ टेकायला वेळ.

घाई असणाऱ्यांनी हैदराबादला जाऊन तिरुचिरापल्लीचं विमान धरावं. तिथून तंजावर साठ किलोमीटरच्या आत. मला तो मार्ग पटत नाही. हैदराबादपर्यंत जाण्यातच अर्धा दिवस जातो.

दोनच मुक्काम

पाच गावं म्हणजे पाच वेळा बॅग भरणं. दोनच ठिकाणी राहा, तीन रात्री तंजावर आणि तीन रात्री कुंभकोणम. मधलं अंतर चाळीस किलोमीटर, बस सतत.

खोली निवडताना मी तीनच गोष्टी विचारतो. एसी आहे का, लिफ्ट आहे का, आणि खोली रस्त्याच्या बाजूला आहे की मागे. एसी चैनीसाठी नाही. दुपारचे चार तास तुम्ही खोलीत काढणार आहात आणि तिथंच पैसे खर्चायचे आहेत. पहिल्या खेपेला एका लॉजवाल्यानं फोनवर लिफ्ट आहे म्हणून सांगितलं. होती, पण तिच्यात गाद्यांचा ढीग रचलेला. आईला तीन जिने चढवले. तेव्हापासून मी विचारतो, "लिफ्ट चालू आहे का?"

दिवसाचं घड्याळ

हे एकदा लिहून घ्या, मग रोज नव्यानं विचार करावा लागत नाही. साडेसहाला कॉफी. सात ते अकरा बाहेर, त्यातच नाष्टा. बाराच्या आत जेवायला बसायचं. आपल्याला ते लवकर वाटतं, पण केळीचं पान तेव्हा गरम असतं. दीडनंतर भाज्या संपत आलेल्या असतात. एक ते चार झोप, पत्ते, काहीही. साडेचारला परत बाहेर. संध्याकाळी सात-साडेसातला टिफिन, म्हणजे डोसा-इडली-उत्तप्पा. रात्री भाताचं पान बहुतेक ठिकाणी मिळत नाही आणि आपल्याला नकोच असतं.

सकाळी एक मोठी गोष्ट, संध्याकाळी एक छोटी. तिसरी गोष्ट कुणी सुचवली की त्याला कॉफी पाजायची.

तंजावर: पहिले तीन दिवस

पहाटे उतरलात तर पहिला दिवस झोपेचाच. संध्याकाळी साडेचारला थेट बृहदीश्वर, स्थानिकांच्या भाषेत पेरिय कोविल, मोठं देऊळ. पहिल्या राजराज चोळानं बांधलेलं, १०१० मध्ये पूर्ण झालेलं, सगळं ग्रॅनाइट. विमान म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा सुमारे २१६ फूट उंच. इथं मुख्य मनोरा दारावर नसून देवावर आहे, हे आत पाऊल टाकताच कळतं. नंतरच्या तमिळ देवळांत उलट असतं, दारावरची गोपुरं उंच आणि देवावरचं शिखर बुटकं. तिकीट नाही. पुरुषांनी अर्धी चड्डी नेसून जाऊ नये.

या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं गाइड सांगतील, आपल्याकडचे व्हॉट्सअॅपवालेही सांगतात. आम्ही त्याच सावलीत सतरंजी नसताना बसलो होतो. सूर्य कलला की सावली अंगणात लांबच लांब पसरते आणि दगडाचा रंग पिवळटाचा केशरी होतो. आई म्हणाली, "सावली पडत नाही म्हणं, मग मी कशात बसलेय?" तिथं तासभर नुसतं बसा. पोरं पळत असतात, बायका डबे उघडतात. नमाजाला जावं तसं शांत नाही आणि जत्रेसारखा गोंगाटही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा. आतल्या भागांची तिकिटं वेगवेगळी आहेत, सुटे पैसे ठेवा. कलादालनातल्या चोळकालीन कांस्यमूर्ती आधी बघा, डोळे ताजे असताना. मग मराठा दरबार हॉल, आणि शेवटी सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय. हे ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं, पण दुसऱ्या सरफोजींनी (१७९८–१८३२) ते वाढवलं. चाळीस हजारांवर हस्तलिखितं, त्यांतली तीन हजारांवर मराठी, शिवाय मोडी कागदांचे गठ्ठे वेगळे. हा राजा वैद्यकातही रमायचा. डोळ्यांच्या रुग्णांच्या, चित्रांसकट केलेल्या नोंदी त्याच्या काळातल्या आहेत. नेपोलियनचा पराभव झाला म्हणून समुद्रकाठी मनोरा नावाचा बुरूज बांधणाराही हाच. इंग्रजांना खूश करायला बांधला असणार, पण इमारतीला नाव मराठी दिलं. तिथं मुद्दाम जाऊ नका, लांब आहे.

त्याच संध्याकाळी पुन्हा मोठ्या देवळात जा. हो, पुन्हा. या वेळी देवाकडे न जाता आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे वळा, सरफोजींनी बांधलेल्या गणपतीच्या देवळाच्या बाजूला. तिथल्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत. सलग, ओळींमागून ओळी. अक्षरं देवनागरी, वळण जुनं, शब्द एकमेकांना चिकटलेले. आमच्या आईची शाळा सातवीपर्यंत. तिनं चष्मा वर सरकवला, बोट भिंतीपासून दोन इंच लांब धरून हळूहळू सरकवत नेलं आणि एका ठिकाणी थांबली. "राजे," ती म्हणाली. मग पुढं, "श्री." तमिळ पाट्यांच्या गावात दोन दिवस तिला एक अक्षर वाचता आलं नव्हतं. पुढचा अर्धा तास आम्ही तिला तिथून हलवू शकलो नाही. एक छोटी टॉर्च आणि दुर्बीण नेलीत तर वरच्या ओळीही लागतात.

तिसरा दिवस तिरुवैयारू, बारा-तेरा किलोमीटर. कावेरीकाठी त्यागराजांची समाधी. १८४७ मध्ये ते इथं वारले. मुक्काम तमिळ मुलखात, पण त्यांच्या बहुतेक रचना तेलुगूत. आमच्या शेजारच्या काकू भिंतीवर कोरलेल्या रचना एखाद्यानं म्हणून दाखवल्यावर अर्थ सांगू लागल्या, आणि त्या दिवशी आमच्या गटाचं पुढारपण त्यांच्याकडे गेलं. परतताना गावातला अशोका हलवा घ्या. मुगाच्या डाळीचा, तुपानं ओथंबलेला, केशरी. गरम खा. पाव किलो चौघांना पुरतो, आम्ही अर्धा किलो घेतला आणि संध्याकाळचा डोसा रद्द केला.

वेळ उरला तर शिवगंगा बागेजवळचं श्वार्ट्झ चर्च (१७७९). आत संगमरवरात कोरलेलं एक दृश्य आहे, मरणशय्येवरचे पाद्री श्वार्ट्झ आणि त्यांच्याजवळ त्यांचा शिष्य, पगडीतले सरफोजी.

पानावरचं

केळीच्या पानावर बसलात की आधी पाणी शिंपडून पान पुसून घ्या. भात एकदम वाढू देऊ नका. क्रम असा: आधी सांबार-भात, मग वत्तकुळंबू म्हणजे चिंचेचा दाट आंबट रस्सा, मग रसम-भात, शेवटी ताक नाहीतर दही-भात. प्रत्येक फेरीला नवा भात येतो. पहिल्याच फेरीला पोट भरलं तर रसम हुकतं, आणि रसम हुकणं वाईट. जेवण झालं की पान आपल्याकडे मिटायचं.

सांबार आपलंच, ही गोष्ट तिथं कुणी ना कुणी सांगतंच. तंजावरच्या शहाजीराजांच्या (व्यंकोजीराजांच्या मुलाच्या) मुदपाकखान्यात आमसुलं संपली, आचाऱ्यानं आमटीत चिंच घातली, पाहुणे संभाजीराजे होते म्हणून नाव सांबार. ऐकायला गोड आहे. पुरावा म्हणून सांगत सुटू नका, तमिळ माणूस हसतो.

चार शब्द पाठ करा. 'पोदुम' म्हणजे पुरे, हा नाही आला तर वाढपी थांबत नाही. 'वेण्डाम' म्हणजे नको. 'तण्णी' पाणी, 'सूडु तण्णी' गरम पाणी. तिखट कमी हवं तर 'कारम कम्मी', आणि हा 'कम्मी' ऐकून आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. मधुमेह असेल तर कॉफी सांगतानाच 'सक्करै वेण्डाम'. एकदा साखर पडली की ती काढता येत नाही आणि तिथं हात सढळ आहे.

आता खरी अडचण. सोलापूरचं पोट ज्वारीचं. पहिले दोन दिवस इडली-डोसा-भात म्हणजे सण. तिसऱ्या दिवशी चेहरे उतरतात. चौथ्या दिवशी कुणीतरी कुरकुरतं, पोट भरतंय पण जेवल्यासारखं वाटत नाही. यावर उपाय घरूनच न्यायचा: कडक भाकरी, पत्र्याच्या डब्यात, माणशी सात-आठ, आणि शेंगा चटणी दोन बाटल्या. कडक भाकरी दहा दिवस सहज टिकते, दमट हवेत फक्त झाकण घट्ट हवं. चौथ्या दिवशी एका छोट्या खाणावळीत आईनं पिशवीतून भाकरी काढली, पानावर चुरली आणि वाढप्याला खुणेनं सांबार घालायला लावलं. तो बादली हातात घेऊन बघतच राहिला. मग मालक आला. त्याला एक तुकडा दिला शेंगा चटणी लावून. त्यानं चावला, थांबला, डोळ्यांत पाणी, आणि आत जाऊन बायकोसाठी आणखी एक तुकडा मागून नेला. आईनं चटणीची अर्धी बाटली तिथंच दिली. मी मनातल्या मनात उरलेल्या दिवसांचा हिशोब करत बसलो.

मांसाहारी मंडळींना मटणाची पानं आणि मासे भरपूर. मी त्यातला नाही, म्हणून गप्प बसतो.

कुंभकोणम

चौथ्या दिवशी नाष्टा करून निघा, अकराच्या आत पोचाल. संध्याकाळी महामहम तलाव. भोवती सोळा छोटे मंडप. दर बारा वर्षांनी इथं कुंभासारखी पर्वणी भरते, गेली २०१६ ला झाली, पुढची २०२८ ला. त्या वर्षी आपला बेत दुसरीकडं आखावा.

आणि कॉफी. कुंभकोणम डिग्री कॉफी हे नाव आता महामार्गावर दर दोन किलोमीटरला दिसतं, त्याला भुलू नका. गावातल्या जुन्या हॉटेलात जा, जिथं लोक उभ्यानं पितात. निर्भेळ दूध, गाळणीतून उतरलेला पहिला दाट अर्क, पितळी पेला आणि खाली खोलगट डबरा. 'डिग्री' हे दुधाची शुद्धता मोजण्यावरून आलं असं सांगतात. पिण्याची रीत: पेला डबऱ्यात ओतायचा, परत पेल्यात, पुन्हा डबऱ्यात. फेस येतो, तोंड पोळत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी हात उंच नेऊन करून दाखवलं आणि निम्मी कॉफी सदऱ्यावर घेतली.

इडलीबरोबर कडप्पा मिळतो का विचारा. आपल्याकडे कडप्पा म्हणजे ओट्याची काळी फरशी. इथं ती मुगाची डाळ, बटाटा, खोबरं, बडीशेप घातलेली पातळ भाजी आहे, आणि काही हॉटेलांत ती ठरावीक वारीच होते. फोनवर विचारून वार धरला तर सार्थक.

पाचव्या दिवशी सकाळी सातला दारासुरम, रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं. दुसऱ्या राजराजाचं बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वर. तंजावरचं देऊळ लांबून बघायचं, हे नाक लावून. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे, म्हणजे रथच. खांबांवर तळहाताएवढी शिल्पं. एक शिल्प शोधा: हत्ती आणि बैल, दोघांना मिळून डोकं एकच. डावीकडचं झाका, उजवीकडचं झाका, प्राणी बदलतो. बरोबर लहान मूल असेल तर त्याला हे शोधायला सांगा आणि तुम्ही ओट्यावर बसा.

तिथूनच स्वामीमलै. मुरुगनच्या (म्हणजे कार्तिकेयाच्या) देवळाला साठ पायऱ्या, साठ संवत्सरांच्या. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच राहावं, कारण खरी मजा खाली मूर्तिकारांच्या कारखान्यांत आहे. आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर कावेरीची बारीक माती लिंपतात, तापवून मेण काढून टाकतात आणि त्या पोकळीत वितळलेला पंचधातू ओततात. मग साचा फोडायचा. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. आम्ही बघितलं तेव्हा एक कारागीर माप घेत होता, पट्टीनं नव्हे, नारळाच्या झावळीच्या लांब पातीनं. पात दुमडायची, घडीवर नख मारायचं, ती खूण मेणावर. चेहऱ्याच्या उंचीवरून सगळं शरीर. चादरीच्या मागाजवळ वाढलेल्या काकांना त्या घड्यांचं गणित लगेच कळलं, मला दोनदा विचारावं लागलं. विकत घ्यायचं दडपण येतं, पण नम्रपणे 'वेण्डाम' म्हटलं की कुणी रागावत नाही.

सहाव्या दिवशी दोन पर्याय, त्यांतला एकच निवडा. एक, गंगैकोंड चोळपुरम, पस्तीसेक किलोमीटर, राजेंद्र चोळाचं, तंजावरच्या देवळाचा धाकटा भाऊ, गर्दी जवळजवळ नाही. दुसरा, तिरुभुवनमचे रेशीम विणकर. आमच्यात बायकांची संख्या जास्त होती, तेव्हा काय झालं ते सांगायला नको. इतकंच सांगतो की सोलापूरचा माणूस साडी आधी उलटी करून मागची बाजू बघतो, आणि तिथल्या विणकरानं ते बघून आम्हाला वरच्या फळीवरचा माल काढून दाखवला.

संध्याकाळी सारंगपाणी देवळासमोरच्या गल्लीत गणितज्ञ रामानुजन यांचं घर. लहानपण इथंच गेलं त्यांचं. पाच मिनिटांत बघून होतं. मुलांना घेऊन जा.

परतताना

कुंभकोणमहूनच चेन्नईची गाडी धरा, तंजावरला मागं जायची गरज नाही. चेन्नईच्या गाडीत आणि पुढच्या गाडीत पुन्हा पाच-सहा तासांची फट.

आणायचं काय? कॉफीची पूड चिकोरीसह दळून, पाव-पाव किलोच्या पुड्यांत, कारण उघडल्यावर वास उडतो. पितळी डबरा-पेल्याची एक जोडी, घासायला चिंच लागते हे लक्षात ठेवून. अशोका हलवा शेवटच्या दिवशीच, दोन-तीन दिवसांत संपवायचा. विड्याची पानं ओल्या फडक्यात.

मान डोलावणारी तंजावरची बाहुली घेतलीत तर तिचे भाग सुटे करून मागा: डोकं, धड, घागरा. बॅगेत टाकली तर सोलापूरपर्यंत धड पोचत नाही. आम्ही प्रत्येक भाग टॉवेलात गुंडाळला आणि कडक भाकरीच्या रिकाम्या डब्यात ठेवला. डब्याचं माप तेवढं आधी बघून घ्या, आमचा घागरा बसला नाही, तो आई मांडीवर घेऊन आली.